ट्रॉमातून (मनावरच्या खोल आघातातून) आलेल्या मुलांना सांभाळणाऱ्यांसाठीचं ट्रेनिंग : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बहिणीची मुलगी गेल्या वर्षी जूनपासून आमच्याकडे नाशिकला सिडकोत राहते, वय नऊ. तिच्या घरी काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही, एवढंच की मारहाण रोजची होती आणि ती तिने डोळ्यांनी बघितलीय. बाल कल्याण समितीसमोर रीतसर सगळं करून घेतलं तेव्हा या ट्रेनिंगचं कळलं. गंगापूर रोडला सहा शनिवार, तीन-तीन तास, आम्ही चौदा जण, त्यात बालगृहातल्या मावशी पण होत्या. मुद्दाम आठ महिने थांबून लिहितेय, कारण खरं काय टिकलं ते आत्ता सांगता येतं.

आधी मला वाटायचं पोरगी हट्टी आहे. खाली कोणी बाईक स्टँडला लावली की तो खट् आवाज ऐकून ही दिवाणाखाली जाऊन बसायची, हाक मारली तरी ओ नाही, मग मी हात धरून ओढायचे आणि ती चावायची. तिचे बाबा रात्री बाईकवरूनच यायचे, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. दुसऱ्या शनिवारी मॅडमनी सांगितलं की असं मूल घाबरलं की मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, मग पळणं, अंगावर येणं नाहीतर गोठून जाणं, आणि विचार करणारा पुढचा भाग तेव्हा नीट चालतच नाही, म्हणून त्या क्षणी "का केलंस, बोल" असं विचारून काही हाती लागत नाही. आधी शांत होऊ दे, मग जवळ घे, समजावणं सगळ्यात शेवटी. डॉ. ब्रूस पेरी म्हणून अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आहेत त्यांनी मांडलेला हा क्रम.

घरी आल्यावर मी एवढंच केलं की ओढणं बंद. दिवाणाजवळ मेथीची जुडी घेऊन निवडत बसायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, मी इथेच आहे, खाली शेजारच्या काकांची गाडी आली. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. मधे एकदा तिचा हात बाहेर आला आणि तिने एक काडी उचलून पानं खुडायला घेतली, ते मी कधीच विसरणार नाही. आता पाच-सात मिनिटांत बाहेर येते आणि गेल्या आठवड्यात तर स्वतः गॅलरीत जाऊन कोणाची गाडी आहे ते बघून आली.

दप्तरात पोळ्या लपवायची त्याचंही तसंच. ओरडायचं नाही, तिला तिचा वेगळा डबा द्या म्हणाले. राजगिऱ्याचे लाडू आणि चिवडा भरून खालच्या फळीवर ठेवला, पहिले दोन महिने दिवसातून दहा वेळा उघडून बघायची, आता आठवण पण नसते.

एका शनिवारी 1995 ते 1997 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं, 17 हजारांवर मोठ्या माणसांना लहानपणाबद्दल विचारलेलं, आणि जितके वाईट अनुभव जास्त तितका पुढे हृदयविकार, डिप्रेशनचा धोका जास्त असं निघालं. मला तिथेच रडू आलं. मॅडम म्हणाल्या धोका म्हणजे नशीब नाही, भरवशाचं एक माणूस कायम सोबत असलं तर खूप फरक पडतो. आपण थकलो तर टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, 14416 वर बोलायचं हेही सांगितलं, मी दोनदा केलाय फोन, मराठीत बोलता आलं.

आता जे पटलं नाही ते. शांत बसायला वेगळी खोली ठेवा म्हणे, दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे कुठून आणायची? शाळेशी कसं बोलायचं यावर अर्धा तासही दिला नाही आणि मला सगळ्यात जास्त त्रास तिथेच झाला, वर्गात सगळ्यांसमोर उभं केलं की ती दिवसभर गप्प होते, शेवटी मीच मुख्याध्यापकांना भेटून समजावून आले. दर महिन्याला फोन करू म्हणाले होते, आठ महिन्यांत एकच आला. अहो, खरी गरज तर ट्रेनिंग संपल्यावरच लागते, दिवाळीत फटाक्यांनी ती तीन रात्री झोपली नाही तेव्हा मला कोणाला तरी विचारायचं होतं. आणि हे काही उपचार नाहीत हं, तिचं समुपदेशन वेगळं चालूच आहे, ते बंद करू नका.

चौदा जणांत पुरुष फक्त दोन. घरी सासूबाई म्हणायच्या लाडावून ठेवतेस, आणि मी एकटीच हळू बोलायचे, बाकी घराचा आवाज तोच. म्हणून पुढच्या बॅचला यांचं नाव दिलंय, सातपूरच्या कंपनीत शनिवारची शिफ्ट बदलून घेतलीय त्यांनी.