हृदयासाठी काय मोजावे: वजन की कमरेचा घेर?

हृदयाची काळजी म्हणून घरी नेमके काय मोजत राहावे, वजन की कमरेचा घेर, असा प्रश्न एका परिचितांना पडला होता. खर्चात मोजपट्टी स्वस्त पडते. मात्र ती दर वेळी शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर धरावी लागते, आणि पोट आत ओढण्याचा मोहही आवरावा लागतो.

खरा फरक आकड्यातून काय कळते यात आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय स्नायू आणि चरबी यांत भेद करत नाही. पोटातील अवयवांभोवती साठणारी चरबी इन्सुलिनचा परिणाम मंदावते, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) व रक्तदाब वाढवते आणि कालांतराने हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड व ताठर होण्यास हातभार लावते. तिचा अंदाज घेरावरून अधिक चांगला येतो. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर बीएमआय 25 च्या आत असूनही रक्तशर्करा व लिपिड (रक्तातील कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड) तपासून घ्यावे.

हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याचे, निदान झालेल्यांना मात्र वजनकाटाच हवा, कारण 2-3 दिवसांत वाढलेले 2 किलो ही चरबी नसून बहुधा साचलेले पाणी असते, आणि ते डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. चयापचयाचा, म्हणजे वाढत्या रक्तशर्करा व लिपिडचा, धोका ओळखू पाहणाऱ्या इतर प्रौढांनी मोजपट्टी निवडावी. गरोदरपणात तिचा उपयोग नाही.