२७ इंची फोर-के मॉनिटर: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीतून हा फोर-के, म्हणजे नेहमीच्या फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, मॉनिटर घेतला. मी मंगळवार पेठेत घरीच लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाइन करतो, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर जातात. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या.

पहिल्या दिवशी ‘नो सिग्नल’. केबल मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डाच्या) पोर्टला खुपसली होती, खाली स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डचं पोर्ट मोकळंच. भाच्यानं दोन मिनिटांत शोधलं आणि वर मिसळ उकळली.

खरा ताप रंगांचा. पत्रिकेतला काळा मजकूर राखाडी, कुंकवाचा लाल विटलेला. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट सगळं फिरवून झालं. शेवटी कार्डाच्या कंपनीच्या, एनव्हिडियाच्या, कंट्रोल पॅनेलमध्ये सापडलं. एचडीएमआयवर (टीव्हीला लावतात त्या केबलवर) फोर-के दिसल्यावर कार्डानं मॉनिटरला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच रेंज लावली होती. ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ लिमिटेडची फुल केली आणि पत्रिकेवरचा गणपती लख्ख झाला.

मग स्क्रीन मधेच दोन सेकंद काळी व्हायला लागली. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना तर हमखास! पॅनेल गेलं समजून दुकानात फोन केला. "पीस बदलून देतो, पण आधी केबल कुठली लावलाय सांगा की." केबल जुन्या सेट-टॉप बॉक्सची. फोर-के ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत, चालवायचं तर एचडीएमआय २.० ची, सेकंदाला १८ गिगाबिट पेलणारी केबल लागते. हिला ते झेपत नव्हतं. ३० हर्ट्झवर ठेवलं की स्क्रीन टिकायची, पण माउस ढेकळांतून चालल्यासारखा. आणि डिस्प्लेपोर्टची (मॉनिटर जोडायच्या दुसऱ्या प्रकारची) केबल खोक्यातच, थर्माकोलच्या खाली, पिशवीही न फोडलेली! ती लावल्यापासून स्क्रीन एकदाही गेलेली नाही. (काढताना वरचा खटका दाबा, ओढाओढी करू नका.)

संगणक स्लीपमधून उठला तरी मॉनिटर उठायचा नाही. मेनूतलं ‘डीप स्लीप’ बंद केल्यावर बराच सुधारला, तरी महिन्यातून एखाद्या वेळी बटण दाबावं लागतं. आतले स्पीकर नावापुरते.

एक दुखणं राहिलंच. माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर १५० टक्के स्केलिंगवर (स्क्रीनवरचं सगळं दीडपट मोठं केल्यावर) धुरकट दिसतं. त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत जाऊन स्पष्ट केलं की अक्षरं मुंगीएवढी. त्यामुळे माळ्यावर टाकलेला १९ इंची मॉनिटर पुसून परत टेबलावर आणलाय, टायपिंग त्याच्यावरच चालतं.