वेदर स्टेशनच्या किटमध्ये मला नकली सेन्सर दिला, घेण्याआधी हे वाचा

मी नाशिकला मखमलाबादला राहतो, घरी गच्चीवर वेबकॅम, पर्जन्यमापक, लाईटचं ऑटोमेशन असं काहीबाही करत असतो. दिंडोरीकडे मामांची द्राक्षबाग आहे, तिथे एक हवामान स्टेशन बसवून द्यायचं खूप दिवस मनात होतं कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनीचं (पानांखाली पांढरी बुरशी आणणारा रोग) टेन्शन असतं आणि फवारणी कधी घ्यायची हे हवेतल्या ओलाव्यावर बरंच ठरतं. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण तयार किट विकत होता, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० सेन्सर, पर्जन्यमापक, कॅमेरा, ६४ जीबी कार्ड, सगळं मिळून ९,०००. गोड बोलला, दादा दादा करत, पैसे आधी यूपीआयने घेतले. प्रोग्राम आधीच टाकलेला होता, तो मागितला तर म्हणाला ती माझी मेहनत आहे, देता येणार नाही. इथेच मी थांबायला पाहिजे होतं.

बसवलं तेव्हा सगळं बरोबर दिसलं. तापमान घरच्या थर्मामीटरशी जुळत होतं, हवेचा दाब ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटरवर आहे म्हटल्यावर तो तेवढाच यायला पाहिजे, म्हणून मी आर्द्रता तपासलीच नाही. ती ५५ ते ६५ टक्क्यांमध्ये वरखाली होत राहायची, अगदी खरी वाटेल अशी.

छाटणीनंतर पानं-घड आल्यावर तीन दिवस ढगाळ, रिपरिप चालू, आणि मामांचा फोन, "अरे तुझ्या मशीनवर साठच दावतंय, मग फवारणी राहू देऊ का?" मी म्हणालो राहू द्या मामा. चौथ्या दिवशी पानं उलटली तर खाली पांढरी बुरशी, आणि काही घडांवर पण. मामा मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

स्टेशन घरी आणलं, गरम चहाची वाफ सेन्सरजवळ धरली. तापमान लगेच चढलं, आर्द्रता जागची हलली नाही. मग स्वतःचा प्रोग्राम टाकला तर लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) म्हणते बीएमई२८० सापडलाच नाही. चिप आयडी (चिपमध्येच असलेला ओळख क्रमांक) वाचली, ५८ आली. बॉशच्या बीएमई२८० ची आयडी हेक्समध्ये ६० असते, ५८ म्हणजे बीएमपी२८०, आणि बीएमपी फक्त तापमान आणि दाब मोजतो, आर्द्रता मोजायची सोयच त्यात नाही. म्हणजे आर्द्रतेचा आकडा त्या माणसाने प्रोग्राममध्ये बनवून टाकला होता! नकली माल देणं वेगळं आणि खोटा आकडा दाखवायची मुद्दाम व्यवस्था करणं वेगळं, याची मला आजही चीड येते.

दोन्ही चिप दिसायला सारख्याच, पण बारीक बघितलं तर बीएमई चौरस असते, अडीच बाय अडीच मिमी, आणि बीएमपी थोडी लांबट, दोन बाय अडीच. मोबाईलचा कॅमेरा झूम करून दिसतं. आणि अजून एक, मीठ थोडं पाणी टाकून दाटसर ओलं करायचं (विरघळू द्यायचं नाही), सेन्सरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी आर्द्रता ७५ च्या जवळ यायला पाहिजे. मी तर आता कुठलाही सेन्सर आधी डब्यात घालतो. कार्डही ६४ चं नव्हतं, कार्डची जागा तपासणाऱ्या एचटूटेस्टडब्ल्यू प्रोग्रामने बघितलं तर खरी जागा जेमतेम ८ जीबी, त्याच्या पुढचे सगळे फोटो खराब.

फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही वायर चुकीची जोडली असेल, मग आयडीचा स्क्रीनशॉट पाठवल्यावर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयच्या पावत्या आणि चॅट जपून ठेवले होते ते कामाला आले, पैसे अजून परत आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या ग्रुपवर तेच फोटो दिसले, नंबर वेगळा, भाव ७,५००. पांढरा डबा, निळं झाकण, डाव्या कोपऱ्यात फरशीला तडा. ज्यांनी पैसे दिले नसतील त्यांनी थांबा, आणि किट आलेलं असेल तर आजच चिप आयडी वाचून घ्या.