'लो' की 'ले'? रत्नागिरीतल्या एका स्पॅनिश वर्गाबद्दल

मारुती मंदिर परिसरात रविवारी भरणारा हा छोटा वर्ग फक्त एका विषयाचा आहे: स्पॅनिशमध्ये कर्माच्या जागी येणारी सर्वनामं. क्रूझवर हाउसकीपिंगला किंवा किचनमध्ये जाऊ पाहणारी मुलं इथे जास्त दिसतात. वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ तोंडात बसला असेल तरच जावं.

सराव उत्तम आहे. बाई तक्ता घोकून घेत नाहीत. टेबलावर टॉवेल, किल्ल्या, नारळ ठेवतात आणि एकमेकांना द्यायला-मागायला लावतात. 'मे, ते, नोस, ओस' (मला, तुला, आम्हाला, तुम्हाला) ही रूपं दोन्ही कर्मांना, म्हणजे दिलेली वस्तू (थेट कर्म) आणि ती ज्याला दिली तो माणूस यांना, सारखीच, म्हणून ती पटकन उरकतात आणि उरलेला वेळ तिसऱ्या पुरुषाला (तो, ती, ते) देतात: तिथे थेट कर्माला 'लो' किंवा 'ला', अनेक असतील तर 'लोस, लास', आणि ज्याला द्यायचं त्याला 'ले', अनेकांना 'लेस'. लिंगाचा घोळ इथेच उघडा पडतो. आपला टॉवेल पुल्लिंगी, त्यांची 'तोआया' स्त्रीलिंगी, तेव्हा तिच्यासाठी 'लो' नाही, 'ला'. होडीचं उलटं: 'बार्को' पुल्लिंगी.

दोन सर्वनामं एकत्र आली की आधी माणूस, मग वस्तू. 'मी तुला ते देतो' हाच क्रम, 'ते लो दोय'. मात्र 'त्याला ते देतो' म्हणताना 'ले लो दोय' चालत नाही. 'लो, ला, लोस, लास' यांच्याआधी 'ले' किंवा 'लेस' आलं की त्याचं 'से' होतं: 'से लो दोय'. आता हे 'से' म्हणजे तो, ती, ते सगळे की समोरचे साहेब, हे कळत नाही. म्हणून गरजेप्रमाणे शेवटी 'आ एया' (तिला) किंवा 'आ उस्तेद' (आपल्याला) जोडायचं. हा भाग बाई छान घोटून घेतात.

नोट्स मात्र इंग्रजी पुस्तकांवरून उतरवल्यासारख्या आहेत. त्यांत म्हटलंय, 'कोणाला?' विचारून उत्तर आलं की 'ले' लावा. मराठी माणसाला हा नियम बुडवतो, कारण आपण 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला नारळ दिला' दोन्हीकडे 'ला' प्रत्ययच लावतो. पहिल्या वाक्यात पाहण्याची क्रिया थेट त्याच्यावरच होते, म्हणून 'लो बी'. दुसऱ्यात थेट कर्म नारळ, म्हणून 'ले दी उन कोको'. (स्पेनमध्ये एका पुरुषाबद्दल 'ले बी' म्हटलेलं चालतं, पण शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.) त्यातही 'त्याची वाट पाहतो' याला आपण 'ला' लावतच नाही, तरी स्पॅनिशमध्ये 'लो एस्पेरो'. उलट 'त्याला विचारतो' हे 'ले प्रेगुंतो'. अशी क्रियापदं सर्वनामासकटच पाठ करावीत. नोट्समध्ये त्यांची यादी नाही, आपली आपण करावी लागते.

सर्वनाम कुठे बसतं, हा भाग घाईत गुंडाळतात. रूप चाललेल्या ('दोय', 'बी' अशा) क्रियापदाआधी ते सुटं येतं. होकारी आज्ञेला मागून चिकटतं, नकारीत पुन्हा पुढे जातं: 'दामेलो' (मला ते दे), पण 'नो मे लो देस' (मला ते देऊ नकोस). 'मी तुला ते पाठवणार आहे' याला 'ते लो बोय आ मांदार' आणि 'बोय आ मांदार्तेलो' दोन्ही बरोबर. मधोमध घुसवलेलं 'बोय आ ते लो मांदार' चूक. शेपूट लांबलं तरी जोर मूळ जागीच राहतो, म्हणून 'दामेलो' लिहिताना 'दा'च्या स्वरावर तिरकी खूण हवी. गृहपाठात ही खूण कोणी तपासत नाही.

'ले दोय ला याबे आ पेद्रो' (पेद्रोला किल्ली देतो) यातलं 'ले' जास्तीचं वाटून मुलं खोडतात आणि वर्गातही ते तसंच जातं. पेद्रोचं नाव वाक्यात असलं तरी बोलणारे 'ले' ठेवतातच.

'गुस्तार' (आवडणे) या क्रियापदाचा जादा तास वेगळ्या फीचा आहे, तो घेऊ नका. 'मला आंबे आवडतात' म्हणताना आपलं क्रियापद आंब्यांप्रमाणेच चालतं, 'मे गुस्तान लोस मांगोस' मध्येही तसंच. एकच आंबा असेल तर 'गुस्ता'.