गेमिंग पीसीसाठी स्पीकर: पॉवर्ड जोडी घ्यावी की वेगळा ॲम्प?

पीसी जुळवताना ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर बहुतेक पैसे खाऊन जातात. स्पीकरची पाळी शेवटी येते, तोवर हातात थोडेच उरलेले असतात. त्या उरलेल्यात काय बसतं ते पाहू. पर्याय चार आहेत. यूएसबीवर चालणारी चिमुकली जोडी, खाली ठेवायच्या सबवूफरसह (फक्त बेस वाजवणारं मोठं खोकं) येणारा दोन छोट्या स्पीकरचा २.१ संच, पोटातच ॲम्प (आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) असलेली बुकशेल्फ जोडी (हिलाच पॉवर्ड किंवा ॲक्टिव्ह म्हणतात), आणि साधे पॅसिव्ह, म्हणजे पोटात ॲम्प नसलेले, स्पीकर अधिक वेगळा छोटा ॲम्प. गेल्या काही वर्षांत चारही प्रकार माझ्या टेबलावर येऊन गेले. माझं मत आधीच सांगतो: कोरी खरेदी असेल तर बहुतेकांनी चार इंची वूफरची (खालचे सूर वाजवणारा मोठा गोल) पॉवर्ड जोडी घ्यावी. पण घरात जुने चांगले स्पीकर पडून असतील तर सगळं गणितच बदलतं.

आधी वॅटचं बघू

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॅटवर जाऊ नका. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा तर सरळ सोडून द्या. तो कसा मोजायचा याचा एकमान्य नियमच नाही, त्यामुळे छापणाऱ्याला हवा तेवढा फुगवता येतो. आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, शोधा. आणि तेही वाटतात त्यापेक्षा फार कमी लागतात.

कसे ते सांगतो. स्पीकरच्या माहितीत संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८६ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८६ डेसिबल आवाज मिळतो. पीसीसमोर आपण एका मीटरच्या आतच बसतो. गेम चालू असताना सरासरी ७५ डेसिबल आवाज पुरेसा भरभक्कम वाटतो, आणि त्याला वॅटचा दहावा भागसुद्धा लागत नाही. आता अचानक स्फोट झाला, आवाज २० डेसिबलने उसळला, तरी काम ८ वॅटमध्ये भागतं. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा २० वॅटची जोडी आणि ४० वॅटची जोडी यांत टेबलावर जाणवणारा फरक नॉब जरासा फिरवण्याइतका. पैसे वॅटवर घालू नका, वूफरच्या आकारावर आणि स्पीकरच्या स्वतःच्या खोक्यावर (कॅबिनेटवर) घाला. पुढची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

यूएसबीची छोटी जोडी

यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० चा पोर्ट साडेचार वॅट. निव्वळ पोर्टवर चालणाऱ्या स्पीकरला सतत यापेक्षा जास्त मिळणार कुठून? क्रिएटिव्हची पेबल ही या गटातली सगळ्यांना माहीत असलेली जोडी. सव्वादोन इंची ड्रायव्हर (आवाज काढणारा गोल), दोन्ही मिळून ४.४ वॅट. ड्रायव्हर वर कानाकडे कललेले असतात, ही त्यातली खरी हुशारी. संवाद स्वच्छ ऐकू येतात, व्हॉइस चॅटला उत्तम. पण इंजिनाची घरघर, ढगांचा गडगडाट यांची फक्त वरची साल ऐकू येते, गाभा नाही. टेबल अगदीच अरुंद असेल किंवा लवकरच खोली बदलायची असेल तर घ्या.

२.१ संच

पहिल्या पाच मिनिटांत हाच जिंकतो. लॉजिटेकचा झेड६२३ हा २०० वॅट आरएमएसचा टीएचएक्स प्रमाणित (सिनेमाच्या आवाजाची नामांकित कसोटी) संच या प्रकाराचा ठळक नमुना. ग्रेनेड फुटला की खुर्ची हलते आणि गंमत वाटते, खोटं कशाला बोलू.

अडचण आठवड्याभराने कळते. वरचे दोन स्पीकर लहान असल्यामुळे बरेचसे मधले-खालचे सूरही सबवूफरलाच उचलावे लागतात. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतो हे कानाला कळायला लागतं, आणि पुरुषी आवाजाचा पाया नेमका त्याच्या आसपास सुरू होतो. मग पात्र पडद्यावर बोलतं आणि त्याच्या आवाजाचा खालचा भाग पायाशी घुमतो. एकदा हे लक्षात आलं की कान तिकडेच जातो. दुसरं म्हणजे बेस भिंतीतून आणि जमिनीतून आरपार जातो. रात्री खेळणाऱ्याच्या घरी पलीकडच्या खोलीत कुणी झोपलेलं असेल तर सबवूफरचा नॉब तळाशीच राहणार, मग त्याचे पैसे कशाला मोजायचे?

माझ्याकडच्या २.१ संचाचं वायरवालं रिमोट बिघडलं. नॉब फिरवला की खरखर, नंतर एक बाजूच बंद. साधं पोटेन्शिओमीटर (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) खराब झालं होतं, पण रिमोटची पिन कुठेच न मिळणारी निघाली आणि ॲम्प सबवूफरच्या पोटात होता. एका नॉबपायी अख्खा संच अडगळीत गेला. २.१ घ्यायचाच असेल तर सॅटेलाइटच्या, म्हणजे वरच्या दोन छोट्या स्पीकरच्या, वायरी साध्या आहेत का आणि नॉब सबवूफरवरच आहे का, एवढं नक्की बघा.

पॉवर्ड जोडी आणि पॅसिव्ह अधिक ॲम्प

खरी चुरस या दोघांत आहे.

पॉवर्ड जोडीत सहसा एका खोक्यात ॲम्प असतो आणि दुसरं खोकं त्याला वायरने जोडलेलं असतं. एडिफायर आर१२८०टी बघा: चार इंची वूफर, १३ मिलिमीटरचा रेशमी घुमट ट्विटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर), दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. वरच्या हिशेबाने हे टेबलासाठी भरपूर आहे. ॲम्प आणि स्पीकर एकाच कारखान्यात एकमेकांसाठी जुळवलेले, भिंतीत एकच प्लग, पीसीतून एकच वायर. प्रीसोनसच्या एरिस ३.५ सारख्या छोट्या मॉनिटर जोड्यांना (स्टुडिओतल्या धर्तीचे स्पीकर) बॅलन्स्ड इनपुटही मिळतं, म्हणजे वायरीत शिरलेली खरखर खोडून काढणारी जोडणी. ते का कामाचं, ते खाली येईलच.

घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, व्हॉल्यूम नॉब हाताला येईल अशा जागी आहे का. मागच्या बाजूचा नॉब दिवसातून वीस वेळा चाचपडणं नको होतं. दुसरी, हवेचं भोक, म्हणजे पोर्ट, पुढे आहे की मागे. मागे असेल आणि टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर बेस फुगून घुमतो, मागे वीतभर तरी जागा सोडावी लागते. तिसरी, वीज वाचवण्यासाठी आपोआप झोपण्याची सोय. काही जोड्यांमध्ये ती बंदच करता येत नाही. लपतछपत खेळायच्या गेममध्ये शांतता लांबली की स्पीकर झोपतात, आणि मागून आलेलं पहिलं पाऊल ऐकूच येत नाही.

पॅसिव्हचं बलस्थान वेगळं आहे. नुसत्या स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फारसं नसतं. नीट वापरले तर वीस-वीस वर्षं चालतात, आणि ॲम्प मेला तर फक्त ॲम्प बदलायचा. तळहाताएवढे छोटे क्लास डी ॲम्प (कमी वीज खाणारे, कमी तापणारे) आता इतके सोपे झालेत की जुन्या जड ॲम्पची गरज टेबलावर उरली नाही. त्यातल्या कितीतरींच्या पोटात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. जाहिरातीत तिचे ‘५० अधिक ५०’ वॅट दिसतात. तो आकडा ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला विरोध) स्पीकरवर, २१ व्होल्टच्या पुरवठ्यावर आणि १० टक्के डिस्टॉर्शन चालवून घेऊन मिळतो. इतकं डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेलाच.

या ॲम्पसोबत कोणता अडॅप्टर येतो, हे चिपच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचं. ढोबळ हिशेब असा: व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमच्या दुपटीने भागायचा. ८ ओहमच्या स्पीकरला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर १४४ भागिले १६, म्हणजे फार तर ९ वॅट. १९ व्होल्टचा लॅपटॉपचा जुना चार्जर लावला, तर साडेबावीस. २४ व्होल्टला ३६. एकच ॲम्प, एकच स्पीकर, फक्त अडॅप्टर बदलून चौपट फरक. म्हणून १२ व्होल्टच्या अडॅप्टरसह येणारा ‘शंभर वॅटचा’ ॲम्प बाजूला ठेवा. चार्जर वापरणार असाल तर ॲम्पची कमाल व्होल्ट मर्यादा आणि पिनची ध्रुवता (मधे अधिक आहे की उणे) आधी तपासा.

आता दोघांना शेजारी ठेवू. एकूण पैसे सारखे धरले तर पॅसिव्हच्या बाजूला ॲम्प, अडॅप्टर आणि वायर यांचे पैसे आधी वजा होतात आणि स्पीकरसाठी कमी उरतात. म्हणून हात आखडता असेल तेव्हा सगळं नव्याने घेताना पॉवर्ड जोडीचाच आवाज सरस निघतो. मी हे दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा तसंच झालं. उलट, घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे बुकशेल्फ स्पीकर हाताशी असतील तर फक्त ॲम्प घ्यावा लागतो, आणि त्या पैशात दुसरं काहीही त्याच्या जवळपास येत नाही. पुढेमागे मोठे स्पीकर घेऊन हीच जोडणी दिवाणखान्यात हलवायचा विचार असेल तरी पॅसिव्हच.

सेकंडहँड स्पीकर घेताना जाळी काढून वूफरच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबा. ती फोमची असेल आणि बोटाला काळा चुरा लागला तर ती संपलेली आहे. रबराची असेल तर बहुधा ठणठणीत. मग वूफरचा कोन (मधला शंकू) दोन्ही बाजूंनी सारखा दाबून आत ढकला. आत खरखरलं तर त्यामागची तारेची कॉइल घासते आहे, सोडून द्या.

पॅसिव्हची एक चूक मी स्वतः केली आहे. एका स्पीकरच्या तांबड्या-काळ्या वायरी उलट लागल्या. आवाज दोन्हीकडून येत होता, पण बेस गायब, आणि समोर चालणाऱ्या माणसाची पावलं कुठून येतात हेच कळेना. दोन दिवस ॲम्पला दोष दिला. शेवटी टॉर्च लावून मागे बघितलं.

घूं घूं आणि चुरचुर

वायर जोडली आणि स्पीकरमधून बारीक ‘घूं’ येतेय, माउस हलवला की चुरचुर, गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्डाच्या तालावर शिट्टी. हा स्पीकरचा दोष असेलच असं नाही. बऱ्याचदा पीसी आणि ॲम्प दोघांनाही प्लगमधून अर्थिंग मिळतं, शिवाय ऑडिओ वायरची जाळीही त्यांना जोडते. त्या वेटोळ्यातून फिरणारा करंट आपल्याला ऐकू येतो. तपासायला सोपं: पीसीची पिन काढून तिथे चार्जिंगला न लावलेला फोन जोडा. आवाज गेला तर घोळ वेटोळ्याचा किंवा पीसीतल्या खरखरीचा आहे, स्पीकरचा नाही.

आधी पीसी, मॉनिटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शनवर घ्या. भागलं नाही आणि दोन्हीकडे ऑप्टिकल सोय असेल तर ती वापरा. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, विजेचा संबंधच तुटतो. बॅलन्स्ड इनपुटही बराच दिलासा देतं. यूएसबी डॅकने (डिजिटल सिग्नलचा आवाज पीसीबाहेर बनवणारी डबी) मदरबोर्डातली खरखर जाते, पण यूएसबीच्या वायरीतून अर्थिंग जोडलेलंच राहतं, त्यामुळे वेटोळं तसंच राहू शकतं. ऑडिओ वायरीच्या मधे लावायचे स्वस्त आयसोलेटर आवाज थांबवतात, पण त्यातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर बेस खातो. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका.

अगदी गप्प खोलीत स्पीकरला कान लावल्यावर येणारी ‘स्स्स’ वेगळी. ती ॲम्पची स्वतःची असते आणि स्वस्त क्लास डी मध्ये जास्त असते. बसल्या जागी ऐकू येत असेल तर परत करा.

ब्लूटूथ, साउंडबार, ५.१

ब्लूटूथ गाण्यांना ठीक. गेमला नाही. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते आणि साधं ब्लूटूथ सहज १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहतं. गोळी सुटलेली दिसते आणि मग ऐकू येते. साउंडबारचे डावे-उजवे ड्रायव्हर इतके जवळ असतात की दिशा चपटी होते. ५.१ ला (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मागे स्पीकर ठेवायला जागा आणि वायरी लागतात. टेबल भिंतीला लागून आणि पाठीमागे पलंग असेल तर विषय संपला.

आणल्यावर

दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण साधा. ट्विटर कानाच्या उंचीला आणा. खाली दोन जाड पुस्तकं आणि त्यावर फोमचा तुकडा ठेवला तरी चालतं. टेबलावर सरळ ठेवलेला स्पीकर लाकडालाही बोलायला लावतो, त्याने आवाज चिखलासारखा होतो. मी पुस्तकं सरकवली त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाऊस खिडकीच्या डाव्या काचेवर पडताना ऐकला, तोवर तो नुसता ‘पाऊस’ होता.

मग गेमच्या सेटिंगमध्ये जा. आउटपुट ‘हेडफोन’ असेल तर ‘स्टीरिओ स्पीकर’ करा, कारण हेडफोनसाठीची दिशाप्रक्रिया स्पीकरवर आवाज पोकळ करते. रात्री डायनॅमिक रेंज (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक) कमी ठेवली की संवाद ऐकू येतात आणि स्फोटाने घर उठत नाही.