आरएस-४८५ लाइनवरील सर्ज प्रोटेक्टर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

गोव्यातील वाळपईजवळच्या आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) टाकीवरील पाणीपातळीचा सेन्सर आणि ओहोळाकाठच्या पंपघरातील कंट्रोलर यांना जोडणारी आरएस-४८५ ची (दोन तारांवरून लांबवर डेटा नेणाऱ्या पद्धतीची) केबल पोफळींमधून बरीच लांब जाते. गेल्या वर्षी परतीच्या पावसात कंट्रोलरची ट्रान्सीव्हर चिप (लाइनवर डेटा पाठवणारी व घेणारी) जळाली. वीज कुळागरात पडलीच नव्हती. आसपास कुठेतरी पडलेल्या विजेने केबलमध्ये क्षणभर उसळलेले व्होल्टेज, म्हणजेच सर्ज, त्याला पुरेसा ठरला. अशा लाइनची सामाईक व्होल्टेजची (दोन्ही तारांवर जमिनीच्या तुलनेत एकत्र येणाऱ्या व्होल्टेजची) मर्यादा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढीच असते, त्यामुळे यात नवल नाही.

यंदा वळिवाच्या आधीच केबलच्या दोन्ही टोकांना डिन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) बसणारे दोन टप्प्यांचे प्रोटेक्टर लावले. त्यांत केबलच्या बाजूला ९० व्होल्टची गॅस डिस्चार्ज ट्यूब (व्होल्टेज वाढल्यावर पेटून प्रवाह अर्थकडे वळवणारी), उपकरणाच्या बाजूला टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज रोखणारा) आणि मध्ये प्रत्येक तारेत एक लहान रेझिस्टर आहे. ट्यूब हजारो अँपिअर पेलते, पण झपाट्याने चढणाऱ्या सर्जला ती कित्येकशे व्होल्टवर पोचल्याखेरीज पेटत नाही. डायोड तत्काळ व्होल्टेज धरतो, मात्र त्याची ताकद थोडी. डायोडचा प्रवाह रेझिस्टरमधून जाताना ट्यूबवरचे व्होल्टेज वाढते आणि ती पेटून पुढचा भार उचलते. केवळ डायोड असलेली स्वस्त मॉड्यूल उघड्यावरच्या केबलसाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोबतच्या पत्रकात अर्थिंगविषयी जेमतेम एक ओळ होती, आणि खरी मेख तिथेच आहे. आमच्याकडच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात चांगले अर्थिंग मिळणे कठीण, म्हणून वायरमन डेटा लाइनसाठी स्वतंत्र रॉड ठोकायला निघाला होता. परंतु पंपाच्या पुरवठ्याचे अर्थिंग वेगळे आणि डेटाचे वेगळे ठेवले, तर सर्जच्या वेळी त्या दोहोंमधले व्होल्टेज थेट कंट्रोलरवरच येते. म्हणून पंपघरात दोन्हींच्या प्रोटेक्टरांची हिरवी वायर पॅनेलमधल्या एकाच तांब्याच्या पट्टीवर आणली आणि तीही वीतभरच ठेवली. मीटरभर वायरीचे इंडक्टन्स (प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध) सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर या वेगाने चढला, तर तेवढ्यावरच १ किलोव्होल्ट उभे राहते.

९६०० बॉडला (डेटाच्या या वेगाला) रीडिंगमध्ये काहीही फरक पडला नाही. मे महिन्यातील एका गडगडाटानंतर मात्र रीडिंग येणे एकाएकी बंद झाले. टाकीकडच्या प्रोटेक्टरमधले बदलता येणारे कार्ट्रिज काढून मल्टिमीटर लावला, तेव्हा डेटाच्या दोन तारांपैकी ए तार आणि अर्थ यांत जेमतेम दोन-तीन ओहम दिसले, म्हणजे डायोड शॉर्ट झाला होता. कार्ट्रिज बदलताच सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही पूर्ववत चालू झाले.

तक्रारी दोन. कार्ट्रिज निकामी झाल्याचे दाखवणारी खूण नाही, त्यामुळे लाइन गप्प झाल्यावरच कळते. केबलची बाजू कोणती आणि उपकरणाची कोणती, हे इतक्या बारीक अक्षरांत छापले आहे की बॅटरीच्या उजेडात ते वाचताना वायरमन दोनदा अडला. उलटे जोडल्यास सर्ज प्रथम डायोडवरच येतो. सुटे कार्ट्रिज मिळते, पण त्याची किंमत जवळपास नव्या प्रोटेक्टरएवढीच आहे.