विश्रामबागेतील नर्सिंग ऑफिसर परीक्षेचा शिकवणी वर्ग: सहा महिन्यांचा अनुभव

जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही नर्सिंगची पदविका झाल्यावर मिरजेतील एका खासगी रुग्णालयात तीन वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केले आणि मग एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची, म्हणजे नॉरसेटची, तयारी करण्यासाठी मी सांगलीच्या विश्रामबागेतील एका शिकवणी वर्गात सहा महिने जात होते. फी बारा हजार रुपये होती आणि ती दोन हप्त्यांत भरता आली.

या वर्गाचे खरे बळ म्हणजे तेथे नर्सिंग फाउंडेशन शिकवणाऱ्या मॅडम. अनेक वर्षे वॉर्डात काढलेली असल्यामुळे त्या फळ्यावर सूत्र लिहून थांबत नाहीत. ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला किती थेंब पडले पाहिजेत, हे त्यांनी आधी आम्हाला वहीत काढायला लावले. उत्तर साधारण ४२ आले. मग खिडकीच्या गजाला बाटली टांगून, खाली बादली ठेवून, प्रत्येकीला घड्याळाकडे पाहत थेंबांचा वेग कमी-जास्त करणारा नळीवरचा रोलर सरकवायला सांगितले. पहिल्या खेपेला माझे थेंब साठीच्या पुढे गेले. तीन वर्षे रोज सलाईन लावूनही मी वेग केवळ नजरेच्या अंदाजाने ठेवत होते, हे त्या दिवशी मनाला लागले, आणि तेव्हापासून घड्याळ न पाहता मी एकही बाटली सुरू केलेली नाही.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलींसाठी मॅडम इंग्रजी प्रश्न आधी मराठीत सांगायला लावतात आणि 'सर्वप्रथम काय कराल' असे विचारले आहे की 'काय करू नये' असे, हे पक्के झाल्याशिवाय पर्यायांकडे वळू देत नाहीत. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जात असल्याने ही सवय फार मोलाची आहे.

छापील नोट्स मात्र जुन्या आहेत. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला वाचवण्यासाठी करायच्या सी.पी.आर.मध्ये छातीवरील दाब आणि श्वास यांचे प्रमाण त्यांत १५:२ दिले आहे, जे २००५ सालीच ३०:२ झाले. मी दाखवल्यावर मॅडमनी ती चूक दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितली, पण पुढच्या बॅचच्या हाती पुन्हा तेच पान पडले.

खरी तक्रार कार्यालयाबद्दल आहे. एम्सच्या या भरतीत जी.एन.एम. उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. माझ्या मैत्रिणीचा सगळा अनुभव ३० खाटांच्या रुग्णालयातला होता आणि प्रवेश घेताना तिने तो सांगितलाही होता. तरीही दोन्ही हप्ते घेतले गेले, अट तिला अर्ज भरताना कळली आणि पैसे परत मिळाले नाहीत. रात्रपाळी करून, घरी पैसे पाठवून शिकणाऱ्या मुलीशी असे वागणे मला अक्षम्य वाटते. म्हणून जी.एन.एम. झालेल्या मुलींनी अनुभवाच्या दाखल्यावर खाटांची संख्या लिहून घ्यावी आणि तो दाखला पाहून 'पात्र आहात' असे कार्यालयाने लेखी दिल्याशिवाय पहिला हप्ताही भरू नये.

बी.एस्सी. नर्सिंग करून नर्सिंग परिषदेची नोंदणी झालेल्यांना ही अनुभवाची अट नाही. माझी धाकटी बहीण यंदा शेवटच्या वर्षाला आहे. तिचे नाव मी याच वर्गात, मॅडमच्या तासांसाठी, घातले आहे.